भिवरा फळीवर उभी राहिली

२८ ऑक्टोबर २०१८

पुन्हा तेच! मायचा फोन आला की धाकट्या बहिणीचं, भिवराचंच पुराण. 'पोरगी लई हुशार हाय, दहावीला नाव काढती बघ.' काढू दे! मला सहावीतनं उठवून ऊसतोडीच्या फडावर नेलं, तेव्हा कुणाला शाळा दिसली न्हाई. तिला सायकल, मला कोयता. अन् आता पुण्यात स्केटपार्क झाडतोय. पोरं चाकाच्या फळीवरनं सिमेंटच्या खड्ड्यात घसरतात. मी त्यांच्या रिकाम्या पुड्या उचलतो.

३० ऑक्टोबर

सहामाही संपली म्हणून भिवरा आलीय, चार दिवस. पार्क दाखवला. खड्डा बघून म्हणली, "दादा, एवढं मोठं शेततळं! कोरडं ठेवलं कावून?"

माझ्यासंग झाडणारा बिभीषण पोट धरून हसला.

मग एका पोरानं तिला फळी दिली. ओढणी कमरेला बांधली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी! खाली जाऊन वर आली. टाळ्या!

बिभीषण म्हणला, "तू वर्षभर चोरून शिकतो बे, अजून पडतोच. हिनं एका दुपारात जमवलं!"

तिच्यापुढं बोलला. वर ती म्हणते, "दादा, गुडघे वाकव. मी धरते." मला शिकवते! मी झाडू उचलला अन् पलीकडं गेलो.

१ नोव्हेंबर

आबाचा फोन. ऊस वाळला, आपला कारखाना पेटणार न्हाई. तोडीची टोळी कर्नाटकात चाललीय. मुकादमाला नवरा-बायकोची जोडीच लागते, एकट्याला आगाऊ उचल न्हाई. म्हणून भिवराचं लग्न गावातल्या धर्मराजसंग लावायचं अन् दोघांना फडावर धाडायचं! खर्चाला मुकादमानं पैसेबी दिलेत.

"तू थोरला. तुझं काय म्हणणं?"

म्हणलो, "करा."

लगेच म्हणलो. बरं वाटलं.

२ नोव्हेंबर

तिला अजून माहीत न्हाई. आजबी पार्कात आली. जोरात आपटली, तळहात सोलला. हात धुवून दिला तर — एक घट्टा न्हाई! मऊ हात. माझे तिच्या वयात दगड झालते.

त्या हाताचाबी हेवा वाटला मला.

ती म्हणली, "दादा, उन्हाळ्यात परत येते. तवर तूबी शीक."

रात्री साठवलेले पैसे मोजले.

३ नोव्हेंबर

आबाला फोन केला. लग्न न्हाई. मुकादमाचे पैसे त्याच्या तोंडावर टाका म्हणलो. पाठवतोय — पंधरा हजार.