मास्तरांच्या घरात मिस्त्री

३ जून ७९, रविवार
चर्चमधला मिस्सा आटोपून घरी आलो. सालूने चपला काढता काढताच सांगितलं, डी.एड. करायचं नाही, सुतारकामच करणार. सुट्टीभर 'गोखिवऱ्याला जाऊन येतो' म्हणायचा, ते लाकडाच्या वखारीत रंधा मारायला. त्याचे आजोबा मास्तर, मी मास्तर, पोरगा मिस्त्री. बायकोला, मेरीला, आधीच ठाऊक होतं. घरात हेडमास्तर कोण ते कळलं. डी.एड.ला जागा मिळालीय, सोमवारी १८ला हजर व्हायचं.

५ जून
अबोला. बोंबलाचं कालवण झकास झालं होतं, तरी बोललो नाही. राग तो राग.

८ जून
चर्चमध्ये कुमसाराला गेलो. फादरांपुढे रागाचं पाप कबूल करायचं होतं. गुडघे टेकायच्या फळीची करकर गेलीय, सालूने दुरुस्त केली म्हणे. त्या आवाजावरून रांगेला कळायचं, आतला उठला. आता कळत नाही. माझं पाप अर्ध्यावर असताना शेजारची कार्मेलीनबाई आत डोकावली. पोराचं काम नको तितकं चांगलं.
नंतर फादर अंगणात भेटले. म्हणाले, मास्तर, भांडताय कुणाशी? मूळ लॅटिन शब्द मॅजिस्टर, म्हणजे शिकवणारा. पोर्तुगीजांनी त्याचा मेस्त्र केला, तो सुताराकडे जाऊन मिस्त्री झाला. इंग्रजांनी मास्टर केला, तो तुम्ही. आई चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्याला मेस्तर म्हणायची, ते आठवलं. ठीक. पण दोन्ही शब्दांची आजी एक म्हणून पगार एक होत नाही. (पगारही पोर्तुगीजच, म्हणाले.)

१२ जून
शाळा सुटल्यावर गोखिवरे. सहज. वखारीचा गुजराती शेठ, कानावर पेन्सिल दिसली की मिस्त्री म्हणतो. यू.पी.चा कारागीर रामलखन म्हणाला, आमच्याकडे भिंत बांधणारा मिस्त्री, मोटर दुरुस्त करणारापण मिस्त्री. तो स्वतः मोठ्या सुताराला उस्ताद म्हणतो. म्हणजे पुन्हा गुरुजीच. या शब्दांनी माझ्याविरुद्ध कट केलाय.
सालू चहा घेऊन आला. साखर बरोबर होती.

१४ जून
मेरी : "बोललात का?" नाही.

१६ जून, शनि.
दुपारी सालू ओट्यावर फळी रंधत होता. म्हटलं, बघू. हातात घेतला तर रंधा अडूनच बसला. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. "जोर नाही लावायचा, पप्पा. त्याला जाऊ द्या." पुन्हा चुकलो. पुन्हा दाखवलं, तितक्याच शांतपणे. तिसऱ्यांदाही. माझ्या वर्गात तिसऱ्यांदा चुकणाऱ्याचं काय होतं ते गावाला माहीत आहे. हा मुलगा माझ्यापेक्षा चांगला शिकवतो. फार बरं वाटलं. लिहून ठेवतो, तोंडाने म्हणणं जमायचं नाही.
मग तोच म्हणाला, "पप्पा, सोमवारी डी.एड.चं काय ते तुम्ही सांगा. म्हणाल तर जातो."
म्हटलं, "आधी ही कड सरळ करायला शिकव."
दिवेलागणीपर्यंत बसलो होतो. अजून वाकडीच आहे.