धुतलेला सुभेदार

बाबूजी, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो. मधली काही वर्षं तो निवल्यासारखा वाटला होता, पण परवा दुपारी पुन्हा उफाळला. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

डिंगोऱ्याच्या आजी तुम्हाला आठवत असतील. आपल्या आजेसासऱ्यांची तसबीर घेऊन त्या दुकानात आल्या होत्या. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी तसबीर. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर रंगवलेली, भोवती चांदीचं कोंदण, वर काच. लाल कोटातला, फेटा बांधलेला माणूस. इंग्रजांच्या पलटणीत सुभेदार होता, आणि छावणीतल्या कुणा चिताऱ्यापुढे बसून त्याने स्वतःचं एवढंसं चित्र काढून घेतलं होतं. कोंदणाचा सांधा सुटला होता, तेवढा जोडून हवा होता. "शेट, जपून करा. येवढंच हाय त्येंचं घरात," आजी म्हणाल्या.

तुम्ही ती फडक्यातच धरलीत. हस्तिदंत म्हणजे मारलेल्या जिवाचं हाड, जैनाच्या दुकानात ते मुक्कामाला नको. म्हणून घाई. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, दोन वर्षं तुमच्या शेजारी बसून काम शिकलेली. माझा सांधा तुमच्याहून साफ बसतो, हे तुम्हीच म्हणायचात. मी म्हणाले, रंग पाण्याचा दिसतोय, धुऊ नका. "मला शिकवू नकोस," म्हणालात. सांधा जोडलात, चकती आत बसवलीत, आणि दुकानातली प्रत्येक चांदी जाते तशी तीही काच लावायच्या आधीच रिठ्याच्या पाण्यात सोडलीत. अजून दिसतं मला. तुमचा ब्रश गोल फिरतोय, फेस गुलाबी होतोय, आणि तुमचा हात थांबेपर्यंत कोंदणात नुसतं पांढरं हाड उरलंय.

चुकलं असतं तर चुकलं. माणूस चुकतो. पण आजी आल्या तेव्हा तुम्ही काय बोललात? "आजी, पोरीच्या हातनं झालं वो. नवी हाय अजून." चार गिऱ्हाइकांसमोर! मी तुमच्याकडे बघत राहिले आणि तुम्ही तराजू पुसत राहिलात. हाडाला हात लावायला तुम्हाला पाप वाटलं, खोटं बोलायला वाटलं नाही? आजींनी ती कोरी चकती पदराने हळूहळू पुसली, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे पोरी. व्हतं आसं." तुम्हाला मिळायची माफी त्या मला देऊन गेल्या आणि मला ती मुकाट गिळावी लागली.

त्यानंतर लोक यायचे ते म्हणायचे, "शेट, पोरीकडं नका देऊ राव." तुम्ही हसायचात. वर्षभर मला साधं पैंजणसुद्धा जोडू दिलं नाहीत. संवत्सरीला मात्र नेहमीसारखे माझ्यापुढे हात जोडून उभे राहिलात, मिच्छामि दुक्कडम्. वर्षभराच्या कळत-नकळत अपराधांची एकगठ्ठा क्षमा. एकदा तरी म्हणायचं होतं, त्या तसबिरीबद्दल. दाराआड म्हणाला असतात तरी चाललं असतं.

परवा आजींची नातसून आली. दुकानात आता मीच बसते. "ते चित्तर तुमच्याच हातनं गेलं ना, ताई?" तिने सहज विचारलं. मी पहिल्यांदा बोलले, "माझ्या नाही. माझ्या वडिलांच्या." आवाज चढला होता माझा. ती म्हणाली, "आता कुणाच्या का हातनं जाईना." एवढी वर्षं दाबून ठेवलेलं खरं, आणि कुणाला त्याची गरजच उरली नव्हती! तिला वेगळंच हवं होतं. "घरात त्येंचं तोंड बघितलेलं कुणीच ऱ्हायलं न्हाई. पोरं इचारत्यात, आपला सुभेदार दिसायचा कसा. तुमी जवळून बघितला व्हता, म्हणून आले."

तिने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. मी सांगत गेले. रुंद कपाळ, जाड भुवया, टोकाशी उजवीकडे वळलेलं नाक, हसू आलं तरी दाबून धरणारे ओठ. ती खूश होऊन गेली.

बाबूजी, त्या सुभेदाराचा मला फक्त लाल कोट आठवतो. चेहरा मी तुमचा सांगितला.