अटेंडंट आणि असिस्टंट

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मला दोन शब्दांबद्दल लिहायचं आहे. अटेंडंट आणि असिस्टंट. शब्दकोशात दोन्ही एकमेकांच्या जवळचेच वाटतात: एक हजर राहतो, दुसरा हातभार लावतो. नांदेडच्या तुमच्या सरकारी कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र असिस्टंट द्रावणं बनवायचा, रजिस्टरवर सही करायचा. अटेंडंट, म्हणजे तुम्ही, काचेची भांडी धुवायचात. लातूरला अकरावीसाठी हॉस्टेलचा फॉर्म भरताना मी वडिलांच्या हुद्द्यापुढे असिस्टंट लिहिलं. ती चूक नव्हती. विचार करून लिहिलं होतं.

पहिल्याच रविवारी तुम्ही डबा घेऊन आलात. मेसच्या दारात रेक्टरबाई म्हणाल्या, "या असिस्टंट साहेब! पोरींना प्रॅक्टिकलचं काहीतरी सांगा की." तुम्ही माझ्याकडे पाहता. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहते. मग तुम्ही टेबलावरचा काचेचा ग्लास विसळून उपडा धरता. "थेंब अडला की समजायचं, काच अजून घाण हाय. पाणी सपाट उतरलं पायजे." एक मुलगी म्हणाली, "काका, हे तर भांडीवाल्या मावशींना सांगा!" सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात. मीही हसले, इतरांपेक्षा जरा मोठ्यानं.

स्टँडवर तुम्ही विचारलंत, "फॉर्मवर तूच लिवलंस व्हय?"

"अर्थ जवळपास एकच आहे," मी म्हणाले.

"असंल माय. पण असिस्टंट चुकला तर त्याची सही असती, सापडतो. मी काच नीट न्हाई धुतली तर पोराचं रीडिंग चुकतं, आन् त्याला वाटतं आपल्यालाच येईना. म्हणून लई जपून धुवावं लागतं." रागावला नाहीत. नांदेडच्या गाडीत बसलात, खिडकीतून नेहमीसारखा हात केलात.

आज मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. रीडिंग जुळलं नाही की नव्या लोकांना आधी सिंककडे पाठवते. मॅडम, हे कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की कॉलेजात, एवढंच सांगते.

गेल्या आठवड्यात लग्नासाठी बायोडाटा तयार केला. तुमच्या नावाआधी कालकथित लिहिलं, नावापुढे अटेंडंट लिहिलं. बराच वेळ ते तसंच राहू दिलं. मग खोडून 'शासकीय नोकरी' केलं. तेही खोटं नाही. तसाच पाठवला आहे.