निळ्या बॉनेटची चौकशी

रत्नागिरी,
९ जून १९९९

चि. दत्तास ताईचे अनेक आशीर्वाद. सौ. कमलालाही. इकडे सर्व क्षेम आहे. तिकडेही सर्व क्षेम असल्याचं तू फोनवर सांगतोस ते खोटं आहे, म्हणून हे पत्र. तुझी निळी फियाट मी काल पालीच्या भंगारात पाहिली. गाडीची ती दशा, तर तू कोणत्या अवस्थेत आहेस ते कळेपर्यंत मला घास गोड लागायचा नाही.

झालं असं. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या फियाटच्या बॉनेटवर फणस पडला. (फणसाखाली गाडी लावू नका, हे मी दर उन्हाळ्यात सांगते. ह्यांचं उत्तर ठरलेलं, झाडाने आजवर काही केलं नाही.) नवं बॉनेट परवडेना, म्हणून जुनं शोधायचं ठरलं. हे मला आधी चिपळूणला घेऊन गेले, मग खेडला. दोन्हीकडे गंजक्या पत्र्यांतून पदर सांभाळत मी फिरले. खेडला एक बॉनेट पसंत केलं ते निघालं ॲम्बॅसडरचं. हे म्हणाले, "कापून बसवू की." मी म्हटलं, "मग आधी तुमचा कोट कापून मला पोलकं शिवा." हाताशी पाली असताना एवढ्या लांब कशाला, असं विचारलं की म्हणायचे, पालीत काही मिळत नाही. इतक्या ठामपणे हे आयुष्यात काही बोललेले नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती. काल हे पेन्शन आणायला बँकेत गेले, तशी मी एसटीने पाली गाठली.

तिथल्या भंगारवाल्याचं नाव बाबल्या. माणूस बोलका. त्याने थेट एका निळ्या फियाटपाशी नेलं. उजवी बाजू चेपून आत गेलेली, नंबराची पाटी काढलेली, पण बॉनेटला एक पोचा नाही. आता जुना भाग घ्यायचा तर चौकशी करावीच लागते, की गाडी कोणाची, आपटली कुठे, आतला माणूस वाचला का. (गेलेल्या माणसाच्या गाडीचं काही आपल्या गाडीला लावू नये, असं माझ्या सासूबाईंचं मत होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण विचारायला काय जातं?) मुलगी बघायला गेल्यासारखं मी घराणंसुद्धा विचारलं.

"कोन मेला नाय वो बाय," बाबल्या म्हणाला. "कोल्हापूरचे म्हातारे होते. घाटात ट्रक घासून गेला, गाडी मीच वढून आनली. उजवा हात असा लोंबत होता, कपाळावर रगत. पन त्याचं त्यांना कायच नाय. एकच घोशा, बहिणीला सांगू नका, बहिणीला सांगू नका!"

"का बरं?"

"बहीन भारी खाष्ट म्हने. रत्नागिरीतच असते."

असतील काही बायका तशा, असं म्हणून मी सहज मागच्या सीटकडे पाहिलं. हिरव्या पोपटांचं कव्हर. दत्तू, ते पोपट माझ्या माजघरातल्या पडद्याचे! मीच शिवून दिलं होतं तुला. एक पोपट शिवणीत सापडून बिनडोक्याचा झाला होता, तो तसाच बिनडोक्याचा माझ्याकडे बघत होता. मी तिथेच एका टायरवर बसले.

बाबल्याने पाणी आणलं. "वळखीचे काय तुमच्या? मग पैलं नाय सांगायचं! बरे हायत ते. त्यांचे मेव्हने आले होते न्यायला, उंच, टोपीवाले. भला मानूस. सगल्यांना चा पाजला."

उंच, टोपीवाले. म्हणजे हे. (घरी ज्यांनी कधी चहाचं आधण ठेवलेलं नाही, ते.) गेल्या महिन्यात, त्या अपघाताच्या दिवशी, हे मला संगमेश्वरला मुंजीला जातो म्हणून सांगून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन तिथल्या जिलबीची चवही त्यांनी वर्णन केली.

संध्याकाळी मी तुला फोन केला. तिकडे पाऊस आहे का, एवढंच विचारलं. तू म्हणालास, "हात अगदी उत्तम आहे." हाताचं मी विचारलंच नव्हतं. मागून कमला काहीतरी कुजबुजली आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. हाड मोडलंय की सरकलंय? प्लास्टर कोणी घातलं? कुठल्या तालमीतल्या चोळणाऱ्याकडे तर गेला नाहीस? बोटं हलतात का? पेटी वाजवतोस तोच ना हा हात? भाता काय, कमलाही मारेल. सुरांवर बोटं तुझीच हवीत. मोतीबिंदू काढल्याशिवाय घाटात गाडी घालू नकोस, असं मी बजावलं होतं. पुढे काही लिहीत नाही. डिकीत गुळाची ढेप होती, तिला मुंग्या लागल्या, असं बाबल्या म्हणाला. म्हणजे येत होतास माझ्याकडेच. मी खाष्ट आहे की नाही, हे आपण सवडीने बोलू.

तुझी,
ताई

ता. क. बॉनेट घेतलं. आमची गाडी पांढरी, तोंड तेवढं निळं दिसेल. हे म्हणाले, रंग मारून घेऊ. आमचं बोलणं बंद असल्यामुळे मी नुसती मान हलवून नाही म्हटलं.

ता. क. दुसरा. रविवारी मी तिकडे आले तर चालेल का? रागावणार नाही. (फारसं.) तू "ये" म्हटल्याशिवाय येणार नाही.

ता. क. तिसरा. हे पत्र ह्यांच्याच हाती पाठवते आहे. सोबत दिलं आहे ते असं: पोपटांचं कव्हर, धुऊन, अजून ओलसर आहे, वाळत घालावं, गाडीत सापडलेली तुझी एक चप्पल, चष्म्याची डबी, रिकामी, घरच्या तुपाची बरणी, आणि हे स्वतः, दोन दिवस ठेवून घ्यावेत. ह्यांच्या तोंडी निरोपावर माझा विश्वास उरलेला नाही, तेव्हा सगळं मिळाल्याची पोच तुझ्या उजव्या हाताने लिहून पाठव. एकच ओळ चालेल. वाकडी असली तरी चालेल.