नंदनच्या वाट्याचा प्रसाद

नॅनाइमो, व्हँकुव्हर बेट
२२ मे

तीर्थरूप प्रमोदिनी आत्यास,
शि. सा. न. दोनदा. मागच्या पत्रात घाईने राहिलेला एक त्यात धरला आहे.

फोनवर तुला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे तू मनाने भरतेस, म्हणून सगळे कागदावर लिहितो. आमच्या बारावीच्या मुलांसाठी ३ जूनला शाळेच्या चर्चमध्ये मिस्सा आहे, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना. पदवीचा समारंभ जूनअखेरीस आहे, पण त्यात मी असेन की नाही ते सांगता येत नाही. धर्मशिक्षणात पास झाल्याशिवाय ही शाळा स्टेजवर बोलावत नाही, आणि त्याची तोंडी परीक्षा फादर बर्नार्ड नंतर घेणार आहेत. मिसिसागात अकरावी अर्धी टाकून गोदामात खोकी उचलणाऱ्या मला त्यांनीच पुन्हा वर्गात बसवले. आता नापास झालो तर परत घेतील असे वाटत नाही. म्हणून तू मिस्सेलाच ये. ती तरी नक्की आहे.

बेटावर येणाऱ्या फेरीबोटीवर वारा असतो, जाड स्वेटर आण. चर्चमध्ये चपला काढायच्या नाहीत. बसायला बाक आहेत, मांडी घालायची नाही. सगळे उभे राहिले की उभे राहायचे. चपला काढायच्या नाहीत.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो तुझ्या गुडघेदुखीसारखा वाढत राहो.
तुझा नंदन

मिसिसागा
८ जून

चि. नंदन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक धपाटा.

सुखरूप पोचले. मिस्सा फार एन्जॉय केली. ऑर्गन तर मला कानाचे मशीन न लावतासुद्धा ऐकू आला! टायमध्ये तू अगदी तुझ्या बाबांसारखा दिसत होतास.

पण एक गोष्ट मनाला लागली. शेवटी सगळी मुले लाइनीत जाऊन हात पुढे करत होती आणि फादर प्रत्येकाला प्रसाद देत होते. तू मात्र हात छातीवर बांधून गेलास. अरे, रुसलेल्या जावयासारखा असा कोणी उभा राहतो का? त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तुला तसाच परत पाठवला. मला वाटले, अजून पास नाही ना, म्हणून याला देत नसतील. माझे तर डोळेच भरून आले. मग मी उठले. दुसऱ्या लाइनीत एक बाई वाटत होत्या, तिथे उजव्या हाताखाली डावा धरून व्यवस्थित घेतला, आणि खाल्ला नाही. तुझा वाटा म्हणून रुमालात बांधला. तिथेच देणार होते, पण फेरी चुकेल, फेरी चुकेल म्हणून तू माझा जीव खाल्लास आणि राहूनच गेले. आता कुंकवाच्या डबीत कापूस घालून पाठवते आहे. अंघोळ करून घे, पास होशील.

काकांचे आशीर्वाद. माया आहे, ती बसल्या जागेवरूनही पोचते हे लक्षात ठेव.
आत्या

नॅनाइमो
१५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

डबी मिळाली. तुझ्यावर रागावू की स्वतःवर, ते कळत नाही.

आत्या, तो आपल्यासारखा प्रसाद नव्हे. दिसायला पिठाची पातळ चकती, पण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे तो प्रत्यक्ष येशूचा देह असतो. तो कॅथलिकांनीच घ्यायचा आणि तिथल्या तिथे खायचा. घरी न्यायचा तर मुळीच नाही. बाकीच्यांनी हात बांधून नुसता आशीर्वाद घ्यायचा. मी रुसलो नव्हतो, रीत पाळत होतो. हे तुला कळवले नाही, कारण तू बाकावरून उठशील हे माझ्या डोक्यातच आले नाही. चपलांचे तेवढे दोनदा लिहिले.

डबी आधी देव्हाऱ्यात ठेवली. ते बरोबर वाटेना, म्हणून पुस्तकांवर ठेवली. तिथून शर्टांच्या कप्प्यात. आता पुन्हा टेबलावर आहे. खाणे चूक आणि टाकून देण्याचा तर विचारही करवत नाही. शाळेत लॉकर रिकामे होत आहेत, मुले एकमेकांच्या यिअरबुकात सह्या करत हिंडतात. माझे लक्ष घरच्या टेबलाकडे. गुरुवारी फादरांकडे तोंडी परीक्षा आहे आणि विषय नेमका हाच आहे. गप्प बसलो तर कोणाला काही कळणार नाही. पण त्यांच्यासमोर बसून मी काय बोलणार?

उद्या डबी घेऊन त्यांच्याकडे जातो. हे पत्र आधी टपालात टाकतो, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

लोभ उद्यानंतरही असू द्यावा.
नंदन

मिसिसागा
२१ जून

चि. नंदनबाळास,
आशीर्वाद, धपाटा परत घेतला आहे.

तुझे पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. काका म्हणाले, चाळीस वर्षे कॅनडात राहून तू हे केलेस? मी म्हटले, चाळीस वर्षांत मला चर्चला नेले कोणी? मी कोणाच्या देवाचा अपमान करायला गेले नव्हते रे. तू उपाशी परत आलास एवढेच मला दिसले.

फादरांना सांग, नापास करायचे तर मला करा. माझी बारावी कधीच झाली आहे, मला काही फरक पडत नाही. काय झाले ते लगेच कळव, नाहीतर मी पुन्हा फेरीत बसेन.
आत्या

नॅनाइमो
२८ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. फेरीत बसू नकोस.

मी डबी पुढे केली तेव्हा फादरांचा चेहरा लाल झाला. मग तू असे का केलेस ते त्यांनी विचारले. मी जावयासकट सगळे सांगितले. जावयाला ते हसले नाहीत. तू उपाशी म्हणालीस ते तेव्हा माझ्याकडे आले नव्हते, नाहीतर तेही सांगितले असते.

त्यांनी मला चर्चच्या मागच्या खोलीत नेले, पेल्यात स्वच्छ पाणी घेतले आणि ती चकती त्यात सोडली. ढवळायचे नाही, आपोआप विरघळू द्यायचे. आम्ही दोघे उभे राहून पाहत होतो. तुमच्याकडे देवाला वाहिलेली फुले कुठे जातात, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, वाहत्या पाण्यात, नाहीतर झाडाच्या मुळाशी. पायाखाली येऊ द्यायची नाहीत. त्यांनी मान हलवली आणि कोपऱ्यातले छोटे बेसिन दाखवले. त्याची नळी गटारात जात नाही, सरळ जमिनीत उतरते. पाणी त्यात ओतले. डबी मी तिथेच धुतली आणि तेही पाणी त्यातच ओतले. तुला निरोप आहे की पुढच्या वेळी तूही हात बांधून ये, ते आशीर्वाद देतील.

गुरुवारी त्यांनी मला जराही सवलत दिली नाही. दोन उत्तरे चुकली. काठावर का होईना, पास झालो.

काल समारंभ झाला. माझे नाव त्यांनी चुकीचे उच्चारले, पण उच्चारले. टोपीला रेशमी गोंडा असतो. कागद हातात आला की तो उजवीकडून डावीकडे करायचा. मी कागदच वाचत राहिलो, शेवटी शेजारच्या मुलीनेच गोंडा फिरवला.

तुझी डबी परत पाठवतो आहे. आत गोंडा आहे. घडी करून बसवून पाहिला, बरोबर मावतो. हा तुझा वाटा. खायचा नाही.

लोभ होता म्हणूनच इथवर आलो.
नंदन