एक जानेवारीच्या दोन दहाबो

३ नोव्हेंबर
विलमर शहरात पोचले. लेकाचं, गुलेदचं, घर मोठं. थंडी त्याहून मोठी. शेजारीण आल्याआल्या समोशासारखे सांबुसे घेऊन आली. तिखट कमी होतं, पण तिच्या जिभेने भरून काढलं. माझं नाव दहाबो गेल्ले, मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात इफ्राह लिहिते. मधेच म्हणते, अय्येयो — आमच्यात आजीला असंच म्हणतात — हे कशाला लिहायचं? म्हटलं, आजीला शिकवू नकोस, लिही.

५ नोव्हेंबर
खोकला जाईना म्हणून इस्पितळात छातीचा फोटो काढला. खिडकीवरच्या मुलीने जन्मतारीख विचारली. एक जानेवारी. निर्वासितांच्या छावणीत कारकुनाने आम्हा सगळ्यांचीच तीच लिहिली. एका दिवसात एवढ्या बाळंतिणी, सुइणीचे हात गळून पडले असतील! मुलगी म्हणाली, फोटोखोलीचा संगणक कालच बाकीच्या इस्पितळांना जोडला, तुमचे जुने फोटोही आलेत. मी तर जन्मात पहिल्यांदाच काढला.

६ नोव्हेंबर
डॉक्टरांचा फोन. जुने फोटो दुसऱ्या शहरातल्या दहाबो गेल्लेचे. नाव तेच, तारीख तीच. यंत्राने दोघींची एकच बाई करून टाकली. तिचं डावं फुप्फुस काढलं होतं. शेवटच्या फोटोनंतर सातव्या दिवशी गेली बिचारी. गुलेदने नोंदी वेगळ्या करायचा अर्ज दिला. दहा दिवस लागतील म्हणाले.

८ नोव्हेंबर
डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. छातीला नळी लावली, डावीकडे परत लावली. मी विचारलं, काही हरवलंय का? हसले नाहीत. माझ्या पाच तारखेच्या फोटोतही डावी बाजू रिकामी. पाठीवर शिवणीचा जुना वण आहे, इफ्राह म्हणते. परवापर्यंत नव्हता. दुखत नाही.

९ नोव्हेंबर
दिवसभर घरीच. तरी माझ्या नावावर आजचा फोटो आलाय. गुलेद खिडकीवरच्या मुलीवर ओरडला. ती म्हणाली, अर्ज रांगेत आहे, मी काय करू? डावा हात गार पडलाय. भीती वाटायला हवी. वाटत नाही.

११ नोव्हेंबर
मी फोटो काढल्याला आज सहावा दिवस. आणखी एक फोटो — त्यात उजवीकडेही फुप्फुस थोडंच उरलंय. इफ्राह रडते. म्हटलं, अगं, शाई भिजेल. अर्ज अजून —

१२ नोव्हेंबर
दुपार. श्वास वरच्यावर. इफ्राह माझ्या ओठांकडे बघून लिहिते. म्हणते, अय्येयो, जोरात बोल ना, ओठ हलतात, पण आवाज —