दाणा वाळवायचा

पनवेल, १२ फेब्रुवारी २००९

प्यारी अम्मी, सलाम.

"हाताला काम असलं की मन थाऱ्यावर येतं," अब्बा म्हणायचे. यासीन गेल्यापासून तेच करून बघतेय.

कळंबोलीच्या कारखान्यात मोल्डिंग शिकते. प्लॅस्टिकचा दाणा वितळवून साच्यात दाबला की डबा होतो. दाण्यात ओल राहिली तर डब्यावर चट्टे पडतात. साहेब म्हणाले, "दाणा वाळवून घ्या." मी तो अंगणात चादरीवर पसरला, आपण कोळंबीचे सोडे वाळवतो तसा.

साहेब बघून म्हणाले, "झुबेदाबाई, आता कावळेही हाकला! अहो, वाळवायचं मशीन असतं."

सगळे हसले. मीही हसले, खूप दिवसांनी.

जेवते वेळेवर. तुझे गुडघे कसे आहेत? माझी माहनूर अजून यासीनची, बापाची, वाट बघते का?

तिला माझ्याकडे पाठव. "एकट्या बाईच्या खोलीत पोर नको," असंच तू म्हणशील. तरी पाठव.

तुझी झुबेदा